स्विच माझ्या हातात होता

आमच्या घरात पाण्यावर गाडी चालवायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांत आधी कामी आली ती आईची लोणच्याची बरणी. जाड काचेची, रुंद तोंडाची, माझ्या गुडघ्याएवढी उंच. त्या वर्षीचं कैरीचं लोणचं तिच्यात निम्म्यावर आलं होतं. आई शाळेतून परतली तेव्हा लोणचं चार चिनी मातीच्या वाडग्यांत आणि एका चहाच्या किटलीत वाटलं गेलं होतं, आणि बरणी साबणानं धुऊन बाबांच्या टेबलावर उपडी घातलेली होती. आई दारातच उभी राहिली. तिनं आधी किटलीचं झाकण उघडून पाहिलं, मग बरणीकडे, मग बाबांकडे. "अहो, पाहुणे आले तर चहा कशात करू?" एवढंच ती म्हणाली. बाबांना तो प्रश्न ऐकूच गेला नाही. ते पंख्याखाली बसून एका स्टीलच्या डब्याचं माप घेत होते, आणि तो डबाही आईचाच होता.

आम्ही तेव्हा कोलकात्यात, गार्डन रीचला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. उंच छताच्या तीन खोल्या, पुढे लांबरुंद व्हरांडा, आणि व्हरांड्याच्या टोकाला उभं राहिलं की झाडांच्या फटीतून हुगळीचं मातकट पाणी दिसायचं. घड्याळ बघायची गरज पडत नसे. सकाळी जहाजांच्या कारखान्याचा भोंगा व्हायचा, मग लोखंडावर हातोडे पडू लागायचे, मग शेजारच्या घोषालबाबूंच्या गुळण्या सुरू व्हायच्या. त्या गुळण्या एखाद्या रागदारीसारख्या चढत जात आणि शेवटी एका खणखणीत खाकरण्यानं संपत. नदीतून जाणारं एखादं मोठं जहाज मध्येच घोगऱ्या आवाजात ओरडायचं. आई म्हणायची, या आवाजांत कुकरची शिट्टी कुठली आणि जहाजाची कुठली, हेच कळेनासं होतं. स्वयंपाकघरात तिनं स्वतःचं एक वेगळंच राज्य मांडलं होतं. आंबेमोहोर मिळत नाही म्हणून गोविंदभोग तांदळाचा वरणभात, बंगाली चिड्याचे पोहे, केळफुलाची डाळ घालून भाजी. थंडीत खजुराचा नवा गूळ बाजारात आला की त्याची पुरणपोळी व्हायची. तिचा रंग आमच्या पुण्याच्या मावशीला कधीच पटला नाही. ती आली की म्हणायची, "ही काय काळीसावळी पोळी!" आणि चार खायची.

बाबा, म्हणजे श्रीधर आगाशे, रेल्वेच्या विद्युत विभागात अधिकारी होते. आई मुलींच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. मी त्यांची एकुलती एक मुलगी, नीला, त्या वर्षी कॉलेजात विज्ञानाच्या पहिल्या वर्गात गेले होते आणि मला सगळं कळतं असं मला वाटत होतं. घोषालबाबू बाबांच्याच कचेरीत ड्राफ्ट्समन. एकटे, पन्नाशीचे, पांढऱ्या धोतरावर कायम शाईचा एक ठिपका. बाबांना ते आगाशेदा म्हणत, आईला बौदी, म्हणजे वहिनी, आणि मला नीला-मा. त्यांची हिंदी बंगालीच्या अंगानं जायची आणि बाबांची बंगाली मराठीच्या. दोघे बोलू लागले की तिसऱ्या माणसाला काही कळत नसे, पण त्यांना एकमेकांचं सगळं कळायचं.

गाडी आमच्याकडे त्याआधी दोन वर्षं आली होती. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाकडून बाबांनी ती घेतली. करडी, गोलमटोल, पुढे दोन डोळे वटारलेले. तिचा काटा मैल दाखवायचा. बाबांनी तिचं नाव कपिला ठेवलं, कारण कपिला गाय गरीब असते आणि खूप खाते. त्यातलं खाणं तरी खरं होतं. त्या हिवाळ्यात पेट्रोलचे भाव असे काही चढले की कचेरीतले निम्मे साहेब पुन्हा बसनं येऊ लागले. कपिला व्हरांड्यासमोर ताडपत्री पांघरून उभी राहिली. बाबा रोज संध्याकाळी तिच्याभोवती एक चक्कर मारत आणि आत येऊन चहा पीत. आणि अशाच एका संध्याकाळी घोषालबाबू एक जुनं इंग्रजी मासिक हातात नाचवत आले. त्यात कुणा परदेशी माणसानं घरच्या घरी हायड्रोजन बनवून गाडीत सोडला होता आणि पेट्रोल निम्म्यावर आणलं होतं. पाण्यात धातूचे पत्रे बुडवायचे, बॅटरीतून वीज सोडायची, पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघेल, तो वायू रबराच्या नळीनं इंजिनाच्या हवेत मिसळायचा. बस.

"बस एवढंच?" बाबांनी विचारलं.

"एवढंच, आगाशेदा. आणि पाणी तर आपल्याकडे," घोषालबाबूंनी नदीकडे हात केला, "भरपूर आहे."

आईनं त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. ती कणीक मळत होती आणि बाबा मासिक वाचून दाखवत होते. तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, "पाणी म्हणजे हायड्रोजनची राख. तो एकदा जळून गेलेला आहे. राखेचं पुन्हा लाकूड करायचं तर आधी तेवढंच लाकूड जाळावं लागेल, वर थोडं जास्तच. तुमची ती वीज कुठून येणार? डायनामोतून. डायनामो कोण फिरवणार? इंजिन. इंजिन काय खाणार?"

"पेट्रोल," मी म्हणाले.

"मग झालं."

बाबांनी पानात बोट ठेवून मासिक मिटलं. ते विजेचे इंजिनीअर होते, त्यांना हे कळत नव्हतं असं नाही. पण ते म्हणाले, "अगं, हिशेब मलाही कळतो. पण हा लेखक म्हणतो की थोडासा हायड्रोजन मिसळला की पेट्रोलच अधिक चांगलं जळतं. ठिणगीसारखा तो उपयोगी पडतो. ते जर खरं असेल तर?" या 'तर'पाशी आईनं कणीक मळणारा हात थांबवला. "ते करून बघायला लागेल," ती म्हणाली. मला वाटतं, आमच्या घराचं सगळं सुख त्या वाक्यात होतं. आमच्याकडे कुणी कुणाला 'वेडेपणा आहे' म्हणून गप्प केलं नाही.

पुढचा दीड महिना आमचं घर म्हणजे कारखाना झाला. स्टीलच्या डब्याचे पत्रे कापून आणायला बाबा आणि मी फेरीबोटीनं हावड्याला गेलो. तिथल्या एका गल्लीत घोषालबाबूंच्या ओळखीचा लेथवाला होता. त्यानं डबा उलटसुलट करून पाहिला, पत्र्यावर टिचकी मारली आणि हिंदीत विचारलं, "बाबूजी, घरी विचारलंय ना?" पत्रे एकमेकांना लागू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये प्लास्टिकच्या चकत्या बसल्या. पाण्यातून वीज नीट वाहावी म्हणून त्यात कॉस्टिक सोडा घालायचा होता, आणि तिथे मात्र आईनं सूत्रं हातात घेतली. तिनं शाळेतून रबरी हातमोजे आणि डोळ्यांवरचे चष्मे आणले, आणि ते घातल्याशिवाय दोघा मोठ्या माणसांना बरणीजवळ फिरकू दिलं नाही. शिवाय एक दुसरी लहान बाटली मध्ये जोडायला लावली, निम्मी पाण्यानं भरलेली, म्हणजे वायू त्या पाण्यातून बुडबुडत पुढे जाईल. "इंजिनातली आग उलटी आली तर ती या पाण्यात विझेल," तिनं सांगितलं. "नाहीतर माझी बरणी जाईल. आणि तिच्याजवळ उभे असाल तर तुम्हीही." स्वतःला न पटलेल्या यंत्राला इतक्या काळजीनं सुरक्षित करणारी दुसरी व्यक्ती मी पाहिलेली नाही.

पहिल्यांदा बॅटरी जोडली तो रविवार मला अजून आठवतो. व्हरांड्यात ऊन पडलं होतं. पत्र्यांवर आधी धुकं यावं तसं काही आलं, मग बारीक बुडबुड्यांचे धागे वर चढू लागले आणि बघता बघता सगळं पाणी दुधासारखं पांढरं झालं. घोषालबाबूंनी दोन्ही हात जोडले. आईनं एका वाडग्यात साबणाचा फेस केला, नळीचं तोंड त्यात धरून वायूचे चार-पाच फुगे काढले, नळी बाजूला केली, बॅटरी काढायला लावली आणि मग एका लांब काठीला उदबत्ती बांधून ती फेसाजवळ नेली. असा आवाज झाला, असा आवाज झाला की नारळाच्या झाडावरचे सगळे कावळे उडाले. तीन क्वार्टर पलीकडच्या साहेबांच्या बाई बाहेर आल्या. साबणाचा एक गोळा घोषालबाबूंच्या मिशीवर जाऊन बसला होता. मग आई हसायला लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. "पुन्हा," ती म्हणाली. त्या दिवशी आम्ही अकरा वेळा बार उडवला. शेवटचे चार तर निव्वळ हौसेखातर. मी पुढे आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. कुणी विचारलं की हा विषय का घेतला, तर मी काहीतरी भारदस्त सांगते. खरं कारण तो वाडगा आहे.

यंत्र कपिलेच्या बॉनेटखाली बसलं. बाबांनी सगळं नीट करायचं म्हणून प्लग घासूनपुसून स्वच्छ केले, कार्बुरेटर उघडून साफ केला, चाकांत हवा भरली. आणि खरोखरच चमत्कार झाला. लिटरला सहा मैल जाणारी कपिला साडेसात मैल जाऊ लागली. बाबा रोज कचेरीतून येताना खिदिरपूरच्या पुलावरूनच हॉर्न वाजवत येत असतील, असा त्यांचा चेहरा दिसायचा. घोषालबाबू कचेरीत सांगत सुटले. महाराष्ट्र मंडळातले भागवतकाका, ज्यांच्याकडे बाबांच्यापेक्षा मोठी आणि जास्त खादाड गाडी होती, एका संध्याकाळी येऊन बरणीकडे देवाकडे बघावं तसं बघून गेले आणि मंडळात बाबांचं भाषण ठरवूनच गेले. आईनं त्यांना चहा दिला, शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या किटलीतून.

मग एक दिवस जेवताना बाबांनी सांगितलं की ते नोकरी सोडणार आहेत.

इतक्या आनंदानं सांगितलं की आम्हाला समजायलाच वेळ लागला. हावड्याच्या त्या लेथवाल्याच्या शेजारी एक गाळा रिकामा होता. तिथे ते आणि घोषालबाबू ही यंत्रं बनवणार होते. पत्र लिहून तयार होतं. ते त्यांनी आम्हाला वाचूनही दाखवलं. इंग्रजी फार सुरेख होतं. आई भात वाढता वाढता थांबली. क्वार्टर रेल्वेचं होतं, माझं कॉलेज पुरं व्हायचं होतं, हे तिला आठवलं असणारच. तिनं विचारलं, "तुमचा पक्का विश्वास आहे?"

"अगं, आकडेच सांगताहेत."

"मग एक कराल? गाडी चालवणाऱ्याला यंत्र चालू आहे की बंद, हे कळता कामा नये. असं करून बघा. तरीही फरक पडला, तर गाळ्याला पहिला नारळ मी फोडीन."

बाबांनी ताबडतोब हात पुढे केला. आईनं तो उष्टा हात तसाच धरला.

स्विच मागच्या सीटवर आला आणि माझ्या हातात दिला गेला. बाबांनीच त्याला तांबडा ठिपका लावून दिला, वर म्हणजे चालू, खाली केला की ठिपका झाकला जायचा. पुढचा विजेचा काटा दिसू नये म्हणून आईनं त्यावर खणाचा तुकडा चिकटपट्टीनं लावला. पेट्रोलच्या टाकीऐवजी एक लिटरचा डबा जोडला. तो संपून गाडी थांबली की एक खेप झाली. रविवारी पहाटे मैदानाभोवतीचे रस्ते मोकळे असतात. व्हिक्टोरिया मेमोरियलच्या फाटकापासून निघायचं, ठरलेल्या फेऱ्या मारायच्या, आणि गाडी जिथे थांबेल तिथपर्यंतचे दिव्याचे खांब मोजायचे. मोजणी घोषालबाबूंकडे. प्रत्येक खेपेच्या आधी मी नाणं उडवायची. छापा पडला तर चालू, काटा पडला तर बंद. ते चिठ्ठीवर लिहून पाकिटात घालायचं, आणि पाकीट आईनं जपायचं, तिनंही न उघडता. चार रविवारनंतर सगळी पाकिटं एकदम उघडायची असं ठरलं. म्हणजे तोवर खरं काय ते फक्त मला ठाऊक असणार होतं.

सतरा वर्षांच्या मुलीला गुपित दिलं की तिला पंख फुटतात. पहिल्या रविवारी मी राणीसारखी मागे बसले. धुकं होतं, गवतावर मेंढ्या चरत होत्या, ट्रामच्या तारा ओल्या दिसत होत्या. बाबा गाडी अशी चालवत होते की जणू पुढच्या सीटवर कुणाचं तरी झोपलेलं बाळ आहे. प्रत्येक खेप संपली की ते मान तिरकी करून म्हणायचे, "ही चालू होती. आवाज बघ ना." किंवा, "ही बंद. जरा जड वाटली." घोषालबाबू मान डोलवायचे. मी खिडकीबाहेर बघायची. पहिल्या खेपेला त्यांचं बरोबर आलं, दुसऱ्या खेपेला चुकलं. दुसऱ्या रविवारी दोन्ही चुकलं. माझं राणीपण तिथेच उतरलं. घरी येऊन मी आईशेजारी मटार सोलत बसले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मला सांगू नकोस." मी नाही सांगितलं.

तिसऱ्या रविवारी आई आली नाही. घरी पुरण शिजत होतं. दुसऱ्या खेपेला नाणं काट्यावर पडलं, मी स्विच खाली ठेवला. आणि त्या खेपेला कपिला चालत राहिली, चालत राहिली. आधीच्या सगळ्या खेपा मागे टाकून ती एका पिंपळाखाली हळूच आचके देत थांबली. घोषालबाबू दार उघडून धोतर सावरत खांब मोजायला मागे पळाले. बाबांनी स्टिअरिंगवर दोन्ही हातांनी ताल धरला.

"ऐकलंस नीला? लोण्यासारखी! आता पाकिटांची वाट कशाला बघायची? माझ्या कानाला कळतंय. उद्या सकाळी पत्र देऊनच टाकतो."

चार रविवारचा नियम मोडायचा नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. आणि मला हेही दिसत होतं की मी गप्प बसले तर निदान आजचा दिवस तरी हा माणूस असाच राहील. त्यांच्या कानशिलावरचे पिकलेले केस वाऱ्यानं उभे राहिले होते. इतके तरुण ते मला कधी दिसले नव्हते.

"बाबा, बंद होतं," मी म्हणाले.

त्यांचे हात थांबले. "आत्ता?"

"हो."

"तुझ्याकडून उलटा दाबला गेला असेल."

"नाही. तांबडा ठिपका झाकलेला आहे. बघा."

त्यांनी मागे वळून पाहिलं. मग ते खाली उतरले, बॉनेट उघडलं. मीही जाऊन उभी राहिले. बरणीतल्या पाण्यात एकही बुडबुडा नव्हता. पत्रे स्वच्छ दिसत होते, अगदी डब्याचे होते तेव्हासारखे. तेवढ्यात घोषालबाबू धापा टाकत आले. "बावीस! आगाशेदा, बावीस खांब जास्त!"

"घोषालबाबू," बाबा म्हणाले, "हायड्रोजन बंद होता."

घोषालबाबूंनी धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसलं. "मग पहिल्या खेपेचा हायड्रोजन इंजिनात साठून राहिला असणार," ते म्हणाले.

बाबा हसले नाहीत. त्यांनी चुरमुरेवाल्याकडून तीन पुड्या घेतल्या आणि आम्ही पिंपळाखाली उभे राहून त्या खाल्ल्या. घरी जाताना मी रडत होते, ते बाबांना आरशात दिसलं. त्यांनी मागे हात करून माझा गुडघा थोपटला आणि हात परत स्टिअरिंगवर नेला. घरी ते पाच पोळ्या जेवले, हात धुतला, आणि आईला म्हणाले, "पाकिटं आण. आत्ता उघडू."

सहाही पाकिटं ताटांच्या शेजारी उघडली. चालूच्या तीन, बंदच्या तीन. बाबांनी खांबांचे आकडे त्यांच्यापुढे मांडले. कुठेच काही नव्हतं. चालूची खेप कधी पुढे, कधी मागे. बरा आकडा आला तर तो दोन्हीकडे. जिंकल्याची एक रेषाही आईच्या तोंडावर नव्हती, उलट तिलाच कुणीतरी मारलं असावं तशी ती बसली होती. बाबा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग त्यांच्या भुवया हळूहळू वर चढू लागल्या.

"थांबा," ते म्हणाले. "चालू-बंद सारखं आहे, कबूल. पण सगळ्याच खेपा जुन्या कपिलेपेक्षा चांगल्या आहेत. बंद असतानासुद्धा! ते का?"

हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नव्हता. आईलाही नाही.

चौथ्या रविवारी यंत्र दोन्ही खेपांना चालू ठेवायचं, असं बाबांनीच सांगितलं. आई पुढे बसली, मी आणि घोषालबाबू मागे. पहिली खेप त्यांनी तशीच अलगद चालवली. दुसऱ्या खेपेला म्हणाले, "आता घट्ट धरून बसा. यंत्र यायच्या आधी मी जशी चालवायचो, तशी चालवतो." आणि कपिला उधळली. रिकाम्या रस्त्यावर बाबा कुणावर तरी हॉर्न वाजवत होते. वळणावर ब्रेक, वळणानंतर पाय दाबून वेग, पुन्हा ब्रेक. मेंढ्या पांगल्या. घोषालबाबू दोन्ही हातांनी दार धरून कालीमातेचं नाव घेत होते. पेट्रोल किती लवकर संपलं! बाबा उतरून स्वतः खांब मोजत गेले. लांबून त्यांची आकृती खांबामागून खांब मागे टाकत जाताना दिसत होती, आणि मग ती थांबली, वळली आणि चक्क पळत परत आली. पन्नाशीला टेकलेला, टाय न बांधलेला रेल्वेचा अधिकारी मैदानातल्या रेड रोडवरून पळत होता.

"सापडलं!" ते ओरडले. "अगं, मीच आहे तो! माझा पाय आहे! यंत्र बसवल्या दिवसापासून त्या बरणीला धक्का लागू नये म्हणून मी हळू चालवतोय. प्लग साफ आहेत, चाकांत हवा आहे. हायड्रोजन काही करत नाही. पण हायड्रोजन आहे म्हणून मी केलं!"

आईनं गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून त्यांच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला. भर रस्त्यात. घोषालबाबूंनी दुसरीकडे तोंड केलं.

मध्यंतरी माझ्या भाच्यानं, म्हणजे मावसबहिणीच्या मुलानं, फोनवर एक चित्रफीत पाठवली. चकचकीत काचेच्या नळ्या, रंगीत तारा, पांढरे बुडबुडे, आणि एक उत्साही तरुण सांगतोय की गाडी तीस टक्के जास्त पळते. भाच्याला ते यंत्र घ्यायचं होतं. मी त्याला भौतिकशास्त्र सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "त्याच्या गाडीत स्विच कुणाच्या हातात होता?" त्याला काही कळलं नाही, म्हणून मग मी हे सगळं लिहायला बसले.

मंडळातलं भाषण रद्द करावं असं आईला वाटत होतं. बाबा म्हणाले, "का? आता तर सांगण्यासारखं काहीतरी आहे." त्यांनी राजीनाम्याचं ते सुरेख इंग्रजी पत्र काढलं, उलटं केलं आणि कोऱ्या पाठीवर भाषणाचे मुद्दे लिहिले. सभागृह भरलं होतं. भागवतकाका पहिल्या रांगेत, वही-पेन्सिल घेऊन. बाबांनी पडदा न ठेवता सगळं सांगितलं. लोणच्याची बरणी, नोकरी सोडायला निघालेले ते स्वतः, त्यांच्या कानाचा चुकलेला अंदाज. लोक आधी अवघडले, मग हसू लागले, मग पुढे सरसावून ऐकू लागले. शेवटी भागवतकाकांनी उभं राहून जरा नाराजीनंच विचारलं, "म्हणजे आगाशे, मी गाडीत नक्की बसवू काय?"

"बायकोच्या मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेलं पातेलं," बाबा म्हणाले. "आणि ते सांडू देऊ नका."

टाळ्या थांबल्यावर ते म्हणाले, "आता एक राहिलं. हा प्रयोग माझा नव्हता. माझ्या मुलीनं खरं सांगितलं नसतं, तर आज मी तुम्हाला ही यंत्रं विकत असतो. नीला, ये इकडे." मी गेले. माझं मराठी कोलकात्यात वाढलेलं, लिंगवचनाचं त्याला वावडं. मंडळात मी एरवी तोंड उघडत नसे. पण त्या दिवशी नाणं, चिठ्ठ्या, खांब, सगळं मी सांगितलं, आणि 'खांब' आला की आली ते कुणी विचारलं नाही.

परत निघालो तेव्हा ऊन कलत होतं. पुढे आई-बाबा, मागे मी आणि घोषालबाबू. बरणी, पत्रे, नळ्या सगळं आदल्या दिवशीच काढून झालं होतं. मैदानाच्या कडेनं बाबा नव्या सवयीप्रमाणे हळू चालवत होते. एक सायकलवाला पुढे गेला. एक ट्राम पुढे गेली. तिच्या दारातल्या माणसानं आमच्याकडे दयेनं पाहिलं. आईनं ते पाहिलं. ती खिडकीवर कोपर टेकून बसली होती, केसांत मंडळात मिळालेला गजरा होता.

"अहो," ती म्हणाली, "आज जरा पाय द्या."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पाय दिला. कपिला गुरगुरली, उचलली गेली, ट्रामच्या बरोबरीला आली, तिच्या पुढे गेली. आईचा गजरा सुटून मागे माझ्या मांडीवर येऊन पडला. घोषालबाबूंनी डोक्यावरचे केस दोन्ही हातांनी दाबून धरले आणि वाऱ्यावर ओरडले, "देखिए बौदी, देखिए! हायड्रोजन!"